एकटीची रजई

“खिडकी उघडायच्या आधी कारखान्याच्या चिमणीकडे बघत जा,” असं तिचा नवरा नेहमी सांगायचा. तो जाऊन चार वर्षं झाली, तरी ल्यान-फेनचा नेम मोडला नव्हता. पहाटे ग्वानयिन देवीपुढे उदबत्ती लावायची, एकशे आठ वेळा नाम घ्यायचं आणि मग चिमणीकडे बघायचं.

त्या सकाळी फरशीच्या कारखान्याच्या तिन्ही चिमण्या गार होत्या. म्हणजे प्रांतातून तपासणीची माणसं येणार, हे गावात पोराटोरांनाही कळे. एरवी दोरीवर टाकलेलं कापड तासाभरात राखाडी होई, म्हणून असा दिवस उजाडला की गावभर रजया उन्हात पडत. या खेपेला मात्र गावप्रमुख पाओनं आदल्या दिवशी घरोघर फिरून बजावलं होतं की रजया बाहेर काढू नका, बाहेरच्यांना संशय येतो. तो दाराशी आला तेव्हा ल्यान-फेन पौर्णिमेच्या उपासासाठी डोंगरावरच्या देवळात गेली होती. परत आल्यावर तिला कुणी काही सांगितलं नाही.

त्यामुळे अख्ख्या गल्लीत लाल फुलांची एकच रजई वाळत होती, तिची. तपासणीला आलेली तरुण बाई तिथेच थांबली.

“आजी, आजच बरी रजई काढलीत?”

मागे पाओ उगाच खाकरला. ल्यान-फेननं खोटं न बोलण्याचं व्रत घेतलं होतं. ती हळूच म्हणाली, “आज धूर नाही ना, म्हणून.”

त्यावरून चौकशी झाली आणि धूर गाळायची यंत्रं बसेपर्यंत कारखान्याला टाळं लागलं. मजुरी थांबली, नाक्यावरच्या शेवयांच्या दुकानाला फळ्या लागल्या आणि ल्यान-फेनशी बोलणं गावानं सोडलं. शेजारच्या यूझूशी तिची तीस वर्षं भिंतीवरून वाफवलेल्या पावांची देवघेव होती. तिनंही एक दिवस धुण्याचं पाणी हिच्या दारात ओतलं.

“वहिनी, तुमच्या पुण्याईनं आमची चूल विझली. आता पिठाचं पोतंही देवालाच पाठवायला सांगा.”

ल्यान-फेन घरात आली. बोलण्यासारखं तिच्याकडे होतं, पण ऐकायला कोण होतं? कारखान्यानं गावाला दुमजली घरं दिली, हे खरंच. तिच्या नवऱ्यानंही वरचा मजला बांधला, पण शेवटच्या वर्षी तो जिना चढू शकला नाही. पंचेचाळिशीतले गडी दारात बसून धापा टाकत. कमावलेलं औषधात जाई, आणि भट्टीला हात मिळत नाहीत म्हणून मालकच रडत असे. टाळं तर आत्ता लागलं. गाव त्याआधीपासूनच बसत चाललं होतं. हे सगळं ती मनातल्या मनात बोलली आणि भांडी घासायला बसली.

महिनाभरानं, यूझू बाजाराला गेलेली असताना, तिचा नवरा तियेशान मागल्या दारानं आला. स्टुलावर बसून बराच वेळ नुसता दम खात राहिला. मग त्यानं कोटाखालून छातीच्या एक्स-रेचं पाकीट काढलं. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना ते दाखवायचं होतं. पण तो स्वतः गेला आणि छातीत धूळ बसल्याचं फुटलं, तर भट्ट्या पेटल्यावर त्याला कुणी कामावर घेणार नव्हतं. बायकोलाही एवढ्यात कळायला नको होतं. डॉक्टर काय म्हणतात ते समजलं की तो स्वतःच तिला सांगणार होता.

“मीच का?” तिनं विचारलं.

“तुमच्याशी कुणी बोलतच नाही, वहिनी. कुठे चाललात म्हणून कोण विचारणार?”

ल्यान-फेनला कितीतरी दिवसांनी हसू आलं. “विचारलंच, तर मी खरं सांगेन हो.”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “म्हणून तर तुमच्याकडे आलो. डॉक्टर म्हणतील ते तुम्ही गोड करून सांगणार नाही.”

दाखवून आणते, आणि असेल तेच सांगते, असा तिनं शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी नाम झाल्यावर तिनं पाकीट दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून कापडात बांधलं, बरोबर दोन पाव आणि मुरवलेला मुळा घेतला. यूझू गल्ली झाडत होती. हिला पाहून तिनं पाठ फिरवली.

“येते हं,” ल्यान-फेन म्हणाली आणि क्षणभर थांबली. एरवी या थांबण्यात तिला आशा असे; आज यूझूनं काही विचारू नये, एवढंच तिनं देवीकडे मागितलं. खराटा चालूच राहिला. पिशवी छातीशी धरून ती बसच्या थांब्याकडे चालू लागली.