एकवीस रात्री

चौथ्या दिवशी सकाळी ओमप्रकाश तळावर आला तेव्हा कौशल्याबाई एका मेंढीचे खूर मिठाच्या कोमट पाण्यानं धूत होती. ओमप्रकाश सावळदरीच्या तलावावरचा राखणदार, कंत्राटी कामगार. शेजारच्याच तांड्यातलं पोरगं. त्यानं शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली आणि जरा लांबच उभा राहिला.

"काकू, तीन रात्री झाल्या. आज उठावं लागते."

कौशल्याबाईनं हात पुसले आणि पालात जाऊन एक कागद आणला. "हे वाच आधी."

कागद जनावरांच्या डॉक्टरचा होता. आदल्या दिवशी तो येऊन गेला होता. कौशल्याबाईचा नवरा मसाजी, त्याच्या कळपाला लाळ-खुरकूत झाली आहे, दुसऱ्या दिवसापासून एकवीस दिवस एकही जनावर जागेवरून हलवू नये, हलवल्यास कारवाई होईल, असं त्यानं लिहून सही-शिक्का मारला होता.

ओमप्रकाशनं कागद दोनदा वाचला. मग फाटकाजवळच्या पाटीकडं पाहिलं. पाटी नवीन होती. शहरातली पोरं काठावर तंबू ठोकायची, दारू प्यायची, शेकोट्या पेटवून जायची. मागच्या उन्हाळ्यात त्यातलं एक बुडून मेलं, आणि यंदापासून खात्यानं नियम केला. तलावाच्या जमिनीवर मुक्काम करायचा तर परवाना. एका तंबूला रात्रीचे दोनशे रुपये. आधार कार्डावर एका माणसाला महिन्यातून तीनच रात्री. दिवसा, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, कुणीही या.

मसाजी हटकराचा तळ या काठावर त्याच्या बापापासून पडत होता. पाणी ओसरलं की जे गवत उघडं पडतं त्याच्यावर एकशे चाळीस मेंढरं दीड महिना निघायची. यंदा पहिल्यांदाच पालाला तंबू म्हणून पावती फाडावी लागली, मसाजीच्या नावानं. तीन दिवसांत दुसरीकडं मेंढरं बसवायला शेत बघू, असा त्याचा हिशोब. दुसऱ्याच दिवशी मेंढ्या लंगडायला लागल्या.

"म्या काय करू सांग," कौशल्याबाई म्हणाली. "हा कागद म्हणते हलू नको. तुझी पाटी म्हणते हल."

"साहेबाला दाखवा काकू. माझ्या हातात काहीच न्हाई."

ती आणि तिचा लेक शिवहार, दोघं पायातल्या चपला चुन्याच्या पाण्यात बुडवून औंढ्याला खात्याच्या कचेरीत गेले. साहेबानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. माणूस वाईट नव्हता. त्यानं त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि कॉम्प्युटर त्यांच्याकडं वळवून दाखवला.

"हे पाहा. व्यक्ती किती, तंबू किती, गाडीचा नंबर. यात मेंढ्यांचा रकानाच नाही. आजारी आहेत म्हणून मुदत वाढवा, असं मी कुठं टाकू?"

"हातानं लिवून द्या साहेब," शिवहार म्हणाला.

"हातानं लिहिलेलं चालत नाही आता. दुसऱ्या नावानं परवाना काढा. नाव नवं असलं की सिस्टीम घेते. बाकीची पालात राहिली तरी चालतील, पण ज्याच्या नावाची पावती, तो माणूस मुक्कामाला पाहिजे. कॅमेरा लावलाय."

बाहेर पायरीवर बसून शिवहारनं बोटं मोजली. आजपासून एकवीस रात्री. तो स्वतः, त्याची बायको मोहिनी, आणि माय. तीन नावं, नऊ रात्री. बारा उरतात.

"नऊ तर काढू," कौशल्याबाई म्हणाली.

पावतीला पैसे हवे होते. खुरकतीची मेंढरं कुणी विकत घेत नाही. घोड्याला हा रोग होत नाही, असं डॉक्टर बोलून गेला होता, म्हणून मसाजीनं घोडी हट्टा गावच्या एका माणसाला विकली. पाल, भांडी, जाळ्या, कोकरं, सगळं तिच्याच पाठीवर फिरायचं. माणूस तिला फाटकातून बाहेर नेत होता तेव्हा मसाजी पाठ करून बसला. त्या दिवसापासून तो बोलायचाच बंद झाला.

त्यानंतर कोकरं मरायला लागली. मोठी मेंढी या रोगात लंगडते, लाळ गाळते, खात नाही, पण तगते. कोकरू तगत नाही. आईला लुचता लुचता खाली बसायचं आणि उठायचंच नाही. मोहिनी सकाळी उठली की आधी कोकरांच्या जाळीकडं जायची आणि तिथूनच हाक मारायची, "मामंजी, तीन." दुसऱ्या दिवशी, "पाच." मसाजी खड्डा खणायचा, चुना टाकायचा, खड्डा बुजवायचा. एकविसातल्या सातव्या दिवशी मोहिनीनं हाक मारली नाही. ती जाळीजवळ नुसती उभी राहिली, आणि मसाजी फावडं घेऊन तिच्याजवळ गेला.

आठव्या दिवशी गावातली दहा-बारा माणसं रस्त्यावर आली. आत आली नाहीत. एकानं ओरडून सांगितलं, "आमच्या शिवारातून मेंढरं न्यायची न्हाईत. आमचे बैल हायत."

"आमी नेतच न्हाई!" कौशल्याबाई फाटकापर्यंत धावली. "आमाला हितंच ऱ्हायचं हाय. तुमच्यातल्या चौघांनी नावं द्या. तीन तीन रात्री येऊन झोपा. पैसे आमी भरतो."

माणसं एकमेकांकडं पाहू लागली. "तुमच्या रोगात येऊन झोपू काय?" एकजण म्हणाला, आणि ती परत गेली.

नवव्या दिवशी सकाळी ती तांड्याकडं निघाली. तांड्याच्या हद्दीवर लिंबाखाली थांबली, कारण पायांना रोग चिकटून येतो असं डॉक्टरनं बजावलं होतं. तिथूनच तिनं ओमप्रकाशच्या आईला हाका मारल्या. रूपाबाई गोठ्यातून बाहेर आली, शेणाचे हात तसेच.

"तिथंच थांब," रूपाबाई म्हणाली. "पुढं येऊ नको."

"न्हाई येत. एक मागायला आले."

"माझ्या पोराकडं पावती न्हाई मिळाली म्हणून माझ्याकडं आली काय? त्याची नोकरी घालवतीस?"

"नोकरी त्याची त्याच्यापाशी राहू दे. मला तुझं नाव पाहिजे." कौशल्याबाईनं सगळं सांगितलं. रूपाबाई ऐकत होती, पण तिची नजर कौशल्याबाईच्या पायांवर होती.

"माझ्या चार गाई हायत," ती म्हणाली. "दोन गाभण. तुझ्या मेंढ्यापायी त्या मेल्या तर?"

"म्हणूनच आले. उद्या आमाला हाकललं तर मेंढरं कुठून जातील? गाव जाऊ देत न्हाई. हा तुमचा रस्ताच उरते. तुझ्या गोठ्यासमोरून लंगडत, लाळ गाळत जातील, बाई. मला न्हाई न्यायची तिथून. पण हाकललं तर काय करू?" ती लिंबाला टेकली. "पोटच्या पोरावानी केलं त्यांचं. सव्वीस कोकरं पुरली आठ दिवसात. आता हात जोडायला बी लाज वाटून राहिली."

रूपाबाईनं वळून गोठ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "तीन रात्री गोठ्यात पाय ठेवता येणार न्हाई मला. सूनबाईला सांगावं लागल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चादर आणि भाकरी घेऊन तळावर आली. फाटकावर तिच्याच पोरानं तिला अडवलं.

"याडी, तू कशाला आली?"

"मुक्कामाला. पावती फाड."

"माझी आई मुक्कामाला आली असं साहेबाला कळलं तर?"

"काय कळल? कार्ड माझं, नाव माझं, मी स्वतः आले. नियमात कुठं चुकलं ते दाखव." ओमप्रकाशनं पाटीकडं पाहिलं, मोबाईलवर नाव टाकलं आणि पावती दिली.

रूपाबाई तीन रात्री राहिली. मग तिचा नवरा गोपीचंद आला, मग सून मिना. परत जाताना प्रत्येकानं चुन्याच्या पाण्यात पाय बुडवले, अंगावरचे कपडे ओढ्यात धुऊन मगच घर गाठलं. मिना होती त्या दिवसांत मेंढ्या थोडं थोडं चरायला लागल्या. मसाजीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "पाणी पिली," तो म्हणाला, एवढंच.

अठरा रात्री झाल्या. तीन उरल्या, आणि नाव उरलं नाही. ओमप्रकाश खात्याचाच माणूस, त्याच्या नावानं परवाना निघत नव्हता. तांड्यातल्या इतरांना रूपाबाईनं विचारलं. सगळ्यांनी नाही म्हटलं. एकोणिसाव्या दिवशी दुपारी साहेबाची जीप आली.

"आज पाल काढा," साहेब म्हणाला. "मलाही वर उत्तर द्यावं लागतं. परवान्याशिवाय एकही माणूस आत मुक्कामाला राहणार नाही."

शिवहारनं हात जोडले. मोहिनी रडायला लागली. कौशल्याबाई मात्र साहेबाच्या तोंडाकडं बघत होती.

"माणूस ऱ्हाणार न्हाई," ती म्हणाली. "मेंढरं?"

"म्हणजे?"

"तुमच्या फारमात मेंढराचा रकाना न्हाई म्हणले ना तुमी? मंग मेंढरांना परवाना लागत न्हाई. ती हितंच ऱ्हातील. डॉक्टरचा कागद हाय त्यांच्या नावाचा. आमी बाहेर जातो."

साहेबानं ओमप्रकाशकडं पाहिलं. ओमप्रकाश जमिनीकडं बघत होता. "तुमच्या जबाबदारीवर," शेवटी साहेब म्हणाला आणि जीपमध्ये बसला.

त्यांनी पाल सोडलं. जाळीची वाघर दुहेरी लावली, खुंट्या खोल ठोकल्या, भोवती बाभळीच्या काट्या रचल्या. कुत्रं एकच होतं, ते आत बांधलं. सूर्य टेकला तसे चौघं फाटकाबाहेर येऊन रस्त्याच्या कडेला बसले, आणि ओमप्रकाशनं फाटकाला कुलूप लावलं. मेंढ्या ओरडत होत्या. इतक्या वर्षांत माणसाशिवाय त्या कधी राहिल्या नव्हत्या.

पहिली रात्र निभावली. उजाडताच फाटक उघडलं आणि मसाजी पळत आत गेला. सगळी होती.

दुसऱ्या सकाळी वाघर एका बाजूनं पडलेली होती. डोंगराकडून लांडगे उतरले होते. लंगड्या मेंढ्यांना पळता आलं नव्हतं. चौदा मेल्या होत्या, कुत्रं दोरीला बांधलेलंच मरून पडलं होतं. उरलेल्या मेंढ्या पाण्यात पोटापर्यंत शिरून उभ्या होत्या, एकमेकींना चिकटून. मसाजी त्यांना हाका मारत पाण्यात गेला. त्या त्याला बघूनही बाहेर येईनात.

शिवहार म्हणाला, "बाबा, म्या बाहेर जागाच होतो. आवाज आला व्हता. फाटकाला कुलूप, आत येता आलं न्हाई."

 त्या संध्याकाळी मसाजी बाहेर आलाच नाही. पाल नाही, अंथरूण नाही, हातात काठी घेऊन तो मेंढ्यांच्या मधोमध बसला. ओमप्रकाशनं फाटकातून तीनदा हाक मारली. चौथ्यांदा मारली नाही.

सकाळी ओमप्रकाश दंडाचं पावतीपुस्तक घेऊन आला. त्याचे डोळे सुजलेले होते. "कॅमेऱ्यात दिसलं, बाबा. फोन आला मला."

"फाड," मसाजी म्हणाला. अंगठ्याला शाई लावायला त्यानं स्वतःच हात पुढं केला.

डॉक्टर ठरल्या दिवशी आला, खूर पाहिले, तोंडं पाहिली आणि मेंढरं नेता येतील असं लिहून दिलं. शंभर उरली होती. भांडी, जाळ्या आणि पाल डोक्यावर वाटून घेऊन त्यांनी फाटक सोडलं. गावानं रस्ता दिला नाही, डॉक्टरचा कागद दाखवला तरी. तांड्याचाच रस्ता उरला.

लिंबापाशी कौशल्याबाईनं मेंढरं थांबवली आणि रूपाबाईला हाक मारली. मिना बाहेर आली. ती जवळ आली नाही.

"आत्याबाई येणार न्हाईत," मिना म्हणाली. "काल सकाळपासून एक गाय लाळ गाळून राहिली. गाभण होती ती. काही खात न्हाई."

कौशल्याबाईच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं होतं. ते तिनं खाली ठेवलं. "आमच्यापायी?"

"काय माहीत. तांड्यातले म्हणतात तुमच्यापायी. आत्याबाई काहीच बोलत न्हाईत."

 रूपाबाईनं पाय धुतले होते, कपडे धुतले होते, कौशल्याबाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण केसांत, चादरीत, कुठं काय गेलं, कोण सांगणार? तिनं कमरेच्या पिशवीतून डॉक्टरचा कागद काढला.

"ह्याच्यावर नंबर हाय त्याचा. आत्ताच लाव. गाय हलवू नका म्हणावं. पाण्यात मीठ टाकून तोंड धुवा, खूर धुवा, दिवसातून तीनदा. आणि वासरू झालं तर आईला लुचू देऊ नको, दूध पिळून सुदिक देऊ नको त्या गाईचं. आईक, मिना. म्या बघितलंय."

तिनं तिथूनच एकेक आकडा मोठ्यानं वाचला. शाळा दोनच वर्षं शिकलेली ती, प्रत्येक आकड्याला थांबत होती. मिना मोबाईलवर दाबत होती. पुढं शिवहारनं मेंढरं चालती केली.