यमुनेचा टोला

मी एक जुना रूळ आहे. अख्खा नव्हे, हातभर तुकडा. मित्रांनो, एके काळी मलकापूर स्टेशनाजवळ माझ्या अंगावरून कापसाच्या गाठींनी भरलेल्या गाड्या धावत. झिजलो, तसा मला कापून बाजूला टाकले. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. त्या दिवसांत अमडापूरजवळच्या मिशनच्या लोकांनी मला उचलून आणले आणि आमराईतल्या एका फांदीला घंटा म्हणून तारेने टांगले. धुळीत लोळण्यापेक्षा लटकणे बरे, अशी मीही मनाची समजूत घातली.

दर उन्हाळ्यात तिथे ख्रिस्ती मुलींचे शिबिर भरे. गावोगावच्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी येत. येताना रडत, आणि आठवड्याने जाताना त्याहून जास्त रडत! प्रार्थना, पवित्र शास्त्राचा पाठ, जेवण, सगळे माझ्या आवाजावर चाले. सकाळचा पहिला टोला रोज एका मुलीने द्यायचा, अशी तिथली रीत होती. त्यासाठी पोरी आपसात भांडत. मला त्याचा भारी तोरा होता.

शिबिर सांभाळत झुंबरबाई. खेडोपाडी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी ही विधवा बाई बोलायला कडक, पण कोणा पोरीला ताप आला की उशाशी बसून राही.

एका वर्षी सुलतानपूरची यमुना आली. तिची आई नुकतीच वारली होती. ती कोणात मिसळत नव्हती, पण सकाळच्या टोल्यासाठी तिनेही हात वर केला. दुसऱ्या दिवशीचा टोला तिचा ठरला. त्याच सकाळी पाठ संपल्यावर ती माझ्याखालीच झुंबरबाईंजवळ आली.

“बाई, माही माय सरगात असंन ना?”

“बाप्तिस्मा घेतला होता का तिनं?”

“नाही. बाबानं न् म्या घेतला. माय म्हने, पुढच्या साली घेतो.”

“मंग सरगात कशी असंन, पोरी? शास्त्रात जे हाये तेच सांगीन ना मी.”

झुंबरबाई दुष्ट नव्हत्या. त्यांना शिकवलेले उत्तर त्यांनी दिले आणि भाकरी झाल्या का ते पाहायला गेल्या. यमुना जरा वेळ माझ्याकडे पाहत उभी राहिली. मग सुलतानपूरच्या वाटेला लागली. मी पाहत होतो, पण कोणी मारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

जेवणाच्या टोल्याला ती आली नाही. झुंबरबाईंना वाटले, रुसून कुठे झाडाआड बसली असेल. माझा आवाज ऐकूनही पोरगी आली नाही, असे आजवर घडले नव्हते. म्हणून शोधायला माणूस धाडायचे सोडून त्या मलाच बडवत राहिल्या. वैशाखाचे ऊन डोक्यावर आले. हाताला फोड आले, तेव्हा कुठे त्या सडकेकडे धावल्या.

उन्हे कलल्यावर निजाम नावाच्या गाडीवानाने तिला बैलगाडीत घालून आणले. तिला ऊन लागले होते. डोळे उघडेनात. दिवस मावळायच्या आत ती गेली.

“सडकेच्या कडेले पडेल होती,” निजाम डोळे पुसत म्हणाला. “पन तोंड इकडंच होतं, बाई. वापस येऊन राह्यली होती पोरगी.”

म्हणजे माझा आवाज तिला पोचला होता. मित्रांनो, हे मला आजही सोसवत नाही.

दुसऱ्या सकाळी एकही मुलगी माझ्याजवळ येईना. शेवटी झुंबरबाई आल्या. फडके बांधलेल्या हाताने त्यांनी यमुनेचा टोला दिला आणि माझ्या थंड अंगाला कपाळ टेकून रडल्या.

त्यानंतर एका उन्हाळ्यात भाऊ वारलेली एक मुलगी तोच प्रश्न घेऊन आली. झुंबरबाई तिथेच मातीत बसल्या.

“मले नाही मालूम, पोरी. ये, बस. कसा होता तुहा भाऊ? सांग मले.”

मुलगी सांगत राहिली. जेवणाची वेळ टळली, पोरी भुकेने कुरकुरल्या, तरी बाई उठल्या नाहीत.

आता तिथे शिबिर भरत नाही. मी गंजलो आहे. मला घासूनपुसून ठेवा, अशी विनवणी मी करणार नाही. पण रडवेले लेकरू तुमच्याकडे काही विचारायला आले, तर त्याला आधी जवळ बसवा. ते उठून गेलेच, तर जागेवरून हाका मारत बसू नका, त्याच्यामागे जा. यमुना परत येतच होती.