रुंद कपाळ

आमच्या घरात बायकांची कपाळं रुंद. माझ्या आईचं, सुंदराबाईचं, तसंच होतं. माझं तसंच आहे. मालवणाकडच्या आमच्या वाडीत म्हाताऱ्या बायका त्याला भाग्याचं लक्षण म्हणत, त्यामुळे मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. माझ्या मुलीला, दर्शनाला, वाटलं. तिने चाळिशी ओलांडली आणि कानशिलांवरचे केस मागे मागे सरकू लागले. ती अंधेरीला विमा कंपनीत आहे. सकाळी निघताना उघड्या पडलेल्या जागेवर पेन्सिलीने काळा रंग भरत बसायची.

मी माझे उपाय केले. मेथी वाटली, जास्वंदीचं तेल उकळलं, कांद्याचा रस चोळला.

"बस झालं, आई. शेजारच्या टेबलावरची विचारते, आज डब्यात भजी आहेत का," ती एक दिवस म्हणाली आणि मला घेऊन कांदिवलीच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. संघमित्रा त्यांचं नाव. दर्शनाच्याच वयाच्या असाव्यात.

त्यांनी भिंगातून दर्शनाचं डोकं पाहिलं. रक्त तपासायला सांगितलं, घरात कुणाला टक्कल आहे का ते विचारलं. मग म्हणाल्या, "केस कसे बांधता?"

"अंबाडा. घट्ट. लहानपणी दोन वेण्या."

"वेण्या कोण घालायचं?"

दर्शनाने माझ्याकडे पाहिलं. मी अभिमानाने म्हटलं, "मीच. माझी वेणी संध्याकाळपर्यंत हलत नाही. आणि कपाळाचं म्हणाल तर आमच्याकडे सगळ्यांचंच रुंद असतं."

"आजी, तुमचं बघू का?" त्यांनी माझ्या मानेवरचे केस उचलले, मग कपाळाच्या कडेवरून बोट फिरवलं. "मागे या वयातही किती दाट आहेत. फक्त पुढची कड गेलीय. हे रक्तातून आलेलं दिसत नाही मला. केस रोज ओढून बांधले की मुळांवर ताण येतो. लवकर थांबलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चाललं की मुळं मरतात, मग कितीही तेल घाला."

"म्हणजे माझे?" दर्शनाने विचारलं.

"थोडे येतील. सहा-आठ महिने औषध लावा, केस मोकळे ठेवा. सगळे येतील असं मी सांगणार नाही. आणि कांदा बंद, कातडी सोलवटलीय."

आम्ही रिक्षाने परत निघालो. चारकोपच्या मार्केटचा सिग्नल लागला तेव्हा दर्शना म्हणाली, "रविवारी ऋतिकाचे केस कापून टाकते. बॉयकट."

ऋतिका तिची मुलगी, नऊ वर्षांची. दर्शना मागच्याच बिल्डिंगमध्ये राहते आणि सव्वासहाला घर सोडते, म्हणून ऋतिका शाळेआधी माझ्याकडे येते. माझ्या गुडघ्यांमध्ये पाठमोरी बसते. मी रिबिनीचं एक टोक दातांत धरून तिच्या दोन वेण्या घालते. दुपारी शाळेतून येते ती लगेच खेळायला पळते; दिवसभरात तेवढा अर्धा तासच माझी कुणाला खरी गरज असते. हे गेले, त्यांची गिरणी तर त्याच्या कितीतरी आधी गेली; आता त्या अर्ध्या तासासाठी मी पाचला उठते.

"तुला दुखायचं का गं?" मी विचारलं.

"काय?"

"वेणी."

ती बाहेर बघत म्हणाली, "मला वाटायचं, सगळ्यांचंच दुखतं."

घरी येऊन मी ट्रंकेतून लग्नानंतरचा फोटो काढला. परळच्या स्टुडिओतला, मी वीस वर्षांची. चष्मा लावून बराच वेळ पाहिला. त्या मुलीचे केस भुवयांपासून चार बोटांवरच सुरू होत होते. म्हणजे मी रुंद कपाळ घेऊन जन्मलेच नव्हते. मला आईचे हात आठवले. पडवीत बसवून ती माझे केस असे ओढायची की डोळे तिरके व्हायचे. मी हलले की डोक्यात टपली. "गप रव गो, हलू नको." वर सुरंगीच्या फुलांचा वळेसर माळायची, म्हणून ते दुखणंही मला इतकी वर्षं सुगंधी वाटत आलं. लग्नानंतर मी स्वतःच स्वतःचे केस तसे ओढत राहिले. आईच्या आईनेही तिला असंच बसवलं असणार. आम्ही त्याला भाग्य म्हणत होतो.

संध्याकाळी दर्शनाकडे गेले. "एक आठवडा दे मला," म्हटलं. "नाही जमलं तर काप."

"आई, तुझ्या हातांना चाळीस वर्षांची सवय आहे. ते काय ऐकणार आहेत?"

"बघू दे तरी."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी ऋतिका येऊन बसली. हात खरंच ऐकेनात. पहिला पेड घेतला की बोटं आपोआप खेचायची. मी तीनदा सोडली वेणी.

"दुखतं?"

"नाही."

तिचं नाही माझ्या कामाचं नव्हतं. दुखलं तरी नाही म्हणायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. कानामागे बारीक पुटकुळ्या होत्या. रोज तेल लावणाऱ्या मला त्या दिसल्या नव्हत्या. मी तिचं बोट धरून वेणीच्या मुळाशी घातलं. "हे आत सहज जायला हवं. नाही गेलं तर मला ओरडायचं."

"तुला? ओरडू?"

"जोरात."

तिने बोट घातलं, जरा विचार केला. "आजी, अजून सैल!"

खालचा वॉचमनसुद्धा वर बघायला लागला असेल. मी सैल केली.

दुपारी ती आली ती एक वेणी सुटलेली, रिबीन कंपासपेटीत. डायरीत बाईंचा शेरा: केस नीट बांधून पाठवावेत. तो वाचून माझा हात आधी फणीकडेच गेला. बाईंनी माझ्या वेणीला नाव ठेवलं, असं आजवर झालं नव्हतं. फणी उचलली, परत ठेवली आणि शेऱ्याखाली लिहिलं: वेणी मुद्दाम सैल घातली आहे, डॉक्टरांनी सांगितले आहे. सुटली तर सुटू द्यावी.

संध्याकाळी दर्शना ऋतिकाला न्यायला आली. केस मानेवर मोकळे, पेन्सिलीचा रंग घामाने पुसलेला. तिने डायरी वाचली. मग ऋतिकाच्या उरलेल्या वेणीच्या मुळाशी स्वतःचं बोट घालून पाहिलं.

"जातं?" मी विचारलं.

"जातं," ती म्हणाली. पेन मागितलं, आणि मी लिहिलं होतं त्याच्याखाली सही केली.

"आणि रविवारी?"

"रविवारी काय? रविवारी शाळा नसते," ती म्हणाली. "सोमवारी सव्वासहाला पाठवते."