जिवंताची घागर

जो गेला त्याच्यासाठी रडणे हा मनुष्याचा धर्म आहे. आणि जो कुठे गेला हे कळत नाही, त्याची वाट पाहणे हाही धर्मच. या दोहोंच्या मध्ये शास्त्राने एक मर्यादा आखली आहे. बारा वर्षे वार्ता नाही, तर पळसाच्या पानांचा देह करावा, त्याला अग्नी द्यावा आणि घराने प्रतीक्षेतून मोकळे व्हावे. ही मर्यादा करुणेची आहे. परंतु करुणेने आखलेली रेघ माणूस आपल्या सोयीसाठी वापरू लागला, की तिच्या पलीकडे उभ्या असलेल्या जिवंताची हाक ऐकूनही न ऐकल्यासारखी करावी लागते. खान्देशातल्या ब्राह्मणपुरी गावात, भिला पाटलांच्या घरी असे घडले. त्या घरात दुष्ट कोणीही नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे.

भिला पाटलांना दोन मुलगे. थोरला नवनीत शेती पाहणारा. धाकटा योगेंद्र याला लहानपणापासून चुलीचा लळा. गावात कुठेही लग्न असो, तो मांडवात नसायचा. आचाऱ्यांच्या कढईपाशी असायचा. एका लग्नात वऱ्हाडाची पंगत बसलेली असताना पाटलांनी त्याच्या हातातला झारा हिसकावून घेतला आणि सर्वांदेखत म्हटले, "पाटीलना आंडोर शे का आचारीना? परत मन्हा घर तोंड दखाडू नको." मुलगा उठला, हात धुतले आणि गेला. नंदुरबारहून तो कोणत्या गाडीत बसला हेही कोणी पाहिले नाही.

बारा वर्षे गेली. शोभाबाई, म्हणजे त्याची आई, रात्री कडी वाजली असे वाटून उठायची आणि दार उघडून पाहायची. तिची झोप अशी तुटली ती तुटलीच.

पुढे नवनीतची मुलगी चेतना हिचे सारंगखेड्याच्या एका घराशी जमले. व्याही विचारी होते, पण रूढीला धरून चालणारे. ते म्हणाले, "पोरना काका शे का नही, ते ठरी जाऊ द्या. अर्धा सुतकमा आमी लगीन करत नही." तेव्हा तापी आणि गोमाईच्या संगमावर, प्रकाशाला, उमाकांत गुरुजींनी विधी केला. आरंभ करण्यापूर्वी त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले, "कुठूनही काही वार्ता नाही ना?" मस्तकाच्या जागी नारळ ठेवला होता. भिला पाटलांनी स्वतःच्या हाताने अग्नी दिला. शोभाबाई ऊर फुटेस्तोवर रडली आणि त्या रात्री, कित्येक वर्षांनंतर, सकाळपर्यंत गाढ झोपली. घराला वाटले, शास्त्र खरे ठरले.

चैत्रात वाहरू आला. हा सातपुड्यातला माणूस. हंगामात पाटलांच्या केळीत राबायचा आणि एरवी सुरतेकडे बांधकामावर जायचा. बांधावर बसून तो बराच वेळ काडीने माती उकरत राहिला.

"आबा, एक गोट सांगू? रागावशात नही ना?"

"सांग. दुसरी बायको करी का काय?"

"पहिली सांभाळाय त नही, दुसरी कुठे करसू? आबा, मी योगूभाऊले दखं. डुमसले, दर्याना काठवर. भाकरी टाकी ऱ्हायना व्हता."

पाटलांच्या हातातला विळा खाली आला. "दुसरा कोनी व्हई."

"दुसरा कसा व्हई? वाहऱ्या करीसन हाक मारी त्यानी माले. धडगावकडे पानी कसं शे, इचारं." मग निष्पाप मनाने वाहरूने उरलेलेही सांगून टाकले. "मी त घाबरी गऊ. म्हनं, भाऊ, तू मरी गया ना? परकाशाले तुले जाळं ना आबानी? तो हासना. हासता हासता खाली बसी गया."

पाटील त्याच संध्याकाळी गुरुजींकडे गेले. ऐकून गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आले, ते आनंदाचे होते. "ज्या शास्त्राने त्याला जाळले, त्याच शास्त्राने त्याचा परतीचा मार्गही ठेवला आहे. त्याला तुपाने न्हाऊ घालायचे, जातकर्म करायचे, नाव पुन्हा ठेवायचे. तुम्ही त्याला घेऊन या, मी त्याला पुन्हा जन्माला घालतो. पण आखाजीच्या आत आणा, पाटील. एकदा त्याच्या नावाने घागर भरली, तर ते पातक मला पाहवणार नाही."

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांसाठी पाण्याची नवी घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी ठेवतात. घरधनी निखाऱ्यावर घास टाकतो आणि गेलेल्या एकेकाला नावाने जेवायला बोलावतो. वर्षभरात ज्या घरी मृत्यू झाला, तिथली घागर सर्वांत दुःखाची. शोभाबाईने कुंभाराकडे घागर सांगूनही ठेवली होती.

पाटलांनी घरी कोणाला काही सांगितले नाही. पाहुण्यांना पत्रिका द्यायच्या आहेत असे म्हणून ते सुरतेच्या गाडीत बसले. आणायचा तो प्रत्यक्ष उभा करावा, मग बोलावे, असा त्यांचा विचार होता.

सुरतेजवळच्या डुमसची वाळू काळी आहे. तापी खान्देशातून वाहत येऊन तिथेच जवळ समुद्राला मिळते, हे पाटलांना ठाऊक होते. पण नदीचा असा अंत त्यांनी कधी पाहिला नव्हता. काठाने खाण्याच्या लाऱ्यांची, म्हणजे हातगाड्यांची, रांगच रांग होती. एकीकडे टोमॅटोची भजी फुगत होती, दुसरीकडे चणाडाळीच्या मऊ लोचोच्या वाफा येत होत्या, कुठे कणसे भाजली जात होती. मोटारीतून उतरलेली कुटुंबे, रिक्षावाले, हिऱ्याच्या कारखान्यातली पोरे, ओडिशाचे मागावरचे कामगार, सगळे एकाच बाकावर मांडीला मांडी लावून खात होते. कोण कोणाच्या पंक्तीला बसला आहे, हे तिथे कोणी पाहत नव्हते. आयुष्यात रस्त्यावर घास न घेतलेले भिला पाटील प्रत्येक लारीपुढे थांबून कढईमागचा चेहरा पाहू लागले.

"काका, ऊभा ऊभा जोसो तो भजियां ठंडां थई जसे," एक भजीवाली बाई हसून म्हणाली. "खावुं छे के मारुं मोढुं ज जोवुं छे?"

पाटील ओशाळले. त्यांनी भाकरीवाल्या मराठी माणसाविषयी विचारले. तिने झाऱ्यानेच दिशा दाखवली.

रांगेच्या शेवटी, सुरूच्या झाडांखाली, पत्र्याचे छप्पर आणि दोन बाक. तिथे कळण्याची भाकरी होती, शेवभाजी होती आणि खलबत्त्यात ठेचा होता. बाकावर आपल्याच मुलखातले मजूर बसले होते.

"भाऊ, ठेचा वाढ. घरनी याद यी असा वाढ."

"तसा वाढसू त रडी पडशी. मंग तुन्हा डोया कोन पुशी?"

आवाज तोच होता. थोडा जाड झालेला. केस कानाशी पांढरे. पाटील बाकाच्या टोकाला बसले. योगेंद्रने ताट मांडले, मान वर केली आणि त्याचा हात क्षणभर हवेत राहिला. मग त्याने भाजी वाढली, कांदा फोडून ठेवला आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पाटील जेवले. भाकरी संपत आली की दुसरी येत होती. मागावे लागत नव्हते.

गर्दी ओसरल्यावर तो समोर येऊन बसला.

"जेवनात ना, आबा?"

"जेवनू."

"कशी शे भाजी?"

"तिखी शे," पाटील म्हणाले, आणि मग त्यांना उपरण्यात तोंड लपवावे लागले.

त्यांनी गुरुजींचे म्हणणे सांगितले. तुपाचे स्नान, जातकर्म, बारसे. योगेंद्र ऐकता ऐकता हसू लागला.

"मंग माले पाळणामा घालशात? दाढीसकट?"

"घालसूत. तुन्ही माय झोका दी."

दोघेही हसले. बापलेक एकत्र हसले ते बहुधा पहिल्यांदाच. योगेंद्रने उठून शेगडी बंद केली, परात पालथी घातली. "वाहरू सांगी गया तवयपासून झोप नही माले," तो पाठमोरा म्हणाला. "मी मरेल शे, हाई आयकीसन कसं वाटस ते कोनले सांगू? चला. सकायनी गाडीले निंघूत. माय कशी शे? नवनीतदादा? चेतना त शाळामा जाती व्हई."

"चेतनानं लगीन शे. आखाजी व्हयनी का लगेच."

योगेंद्र गर्रकन वळला. "आपली चेतनानं? आबा, मंग सैपाक मी करसू! सगळा गाव जेवाडसू. आते त झारा हिसकशात नही ना?"

तेव्हा भिला पाटलांनी उपरणे आवरून खांद्यावर टाकले. त्यांच्या मनात क्रोध नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे सारंगखेड्याचे व्याही उभे राहिले. ज्याच्या मृत्यूचा निर्वाळा देऊन सोयरीक पक्की केली, तो मांडवात झारा घेऊन उभा दिसला तर ते काय म्हणतील? जिवंत मुलाला अग्नी देणारे घर म्हणून नातीच्या अक्षता अडल्या तर?

"योगू," ते म्हणाले, "लगीन व्हई जाऊ दे. व्याहीसले तुन्हं सांगेल शे. एकदाव पोर सासरले गई, का मी सोता तुले लेवाले इसू."

योगेंद्रच्या हातातले फडके थांबले.

"म्हंजे आखाजीनंतर."

"हां."

"आखाजीले माय मन्ही घागर भरी?"

समुद्र मागे सरकत होता. योगेंद्रने खाली बसून शांतपणे त्यांचे उष्टे ताट उचलले.

"आबा, तवय तुमी रागमा व्हतात. राग उतरी जास, म्हनीसन मी वाट दखी. आते त तुमी रागमा बी नही शेतस."

त्याने बापाला अंथरूण घालून दिले, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. पाटलांना वाटले, सकाळी समजूत काढू. आणि थकल्या देहाला झोप लागली.

सकाळी छप्पर होते, बाक होते. शेगडी, परात, खलबत्ता आणि माणूस नव्हते. पलीकडची भजीवाली म्हणाली, पहाटे त्याने सामान टेम्पोत भरले. कुठे गेला ते तिला माहीत नव्हते. "दरियो तो बहु लांबो छे, काका," ती म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

पाटील दिवसभर लारी-लारीपुढे उभे राहिले. मग परतले.

आता एकच गोष्ट त्यांच्या हातात होती. शोभाबाईला सांगता आले असते, आणि घागर थांबली असती. परंतु सांगायचे म्हणजे पुढचेही सांगायचे: तो निघाला होता, आणि मी त्याला थांब म्हटले. गुरुजींनाही त्यांनी सांगितले, "तो कोणी दुसराच होता." त्या वृद्धाने फक्त त्यांच्याकडे पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

आखाजी उजाडली. बाहेर सासुरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. घरात शोभाबाईने नवी घागर भरली, तिच्यावर डांगर ठेवले. निखारे फुलले. पाटील पाटावर बसले आणि त्यांनी घास टाकत आजोबांना बोलावले, बापाला बोलावले. तुपाचा धूर वर गेला. मग तिसरा घास हातात घेऊन ते थांबले. ओठ हलले, नाव उमटेना.

शोभाबाईला वाटले, बापाचे हृदय आहे. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या. मी बलावस त्याले." आणि पदर सावरून, अंगणात खेळणाऱ्या मुलाला माता जशी हाक मारते तशा स्वराने ती म्हणाली, "योगू, ये रे बेटा. जेवाले ये."

पाटलांनी घास निखाऱ्यावर सोडला.

त्या मातेची झोप कधी न मोडो. चेतनेच्या संसाराला कोणाची दृष्ट न लागो. भिला पाटलांना त्या एका नावाचा उच्चार करण्याचे बळ मिळो. आणि समुद्राच्या काठी कुठेतरी, अनोळखी भुकेल्यांना गरम भाकरी वाढत असलेल्या त्या हातांना आयुष्य लाभो, उदंड आयुष्य लाभो.