शंभरावं पॅकेट इंदिराबाईंचं

इंदिराबाईंची लाइन शेवटी कापली गेली नाही. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही, मीही लिहिलेलं नाही. बुधवारी सकाळी ती कापायची ठरली होती, इथून धरू.

सावद्यात नवलभाऊ पन्नास कनेक्शनांना इंटरनेट पुरवतात. मी त्यांचा एकुलता तंत्रज्ञ. संध्याकाळी स्पीड बसायची.

"कोणीतरी एकटाच सगळं पितोय," नवलभाऊ म्हणाले. "सापडला की काप."

इंटरनेट तुकड्यातुकड्यांनी जातं, तुकड्याला पॅकेट म्हणतात. सगळी मोजली तर आमचा राउटरचा डबा तापतो. म्हणून मी दर शंभरावं पॅकेट पाहायला लागलो. नवलभाऊंना पटलं, केळीचा एक घड पाहून अख्ख्या गाडीचा भाव बोलणारा माणूस.

निकाल आला. पाहिलेलं प्रत्येक पॅकेट इंदिराबाईंचं. बाकी गावाने इंटरनेटला हातही लावला नव्हता, फक्त मंद असल्याची तक्रार केली होती.

इंदिराबाईंची केळी पिकवायची थंड खोली आहे. आत कॅमेरा आहे. पारा चढला आणि फोनवर दिसला नाही, तर गाडीभर माल काळा.

"अक्का, दिवसभर पाहता काय?" नवलभाऊंनी विचारलं.

"केळं."

"बुधवारी लाइन कापावी लागेल."

"काप. मंग खोलीत खाट टाकून तूच झोप रे भो. गोधडी आन, थंडी हाये."

परत येऊन मी डबा उघडून बसलो. भांडणं नकोत म्हणून नवलभाऊंनी त्यात शेताच्या पाण्यासारखी पाळी लावली होती. शंभर पॅकेटांची फेरी, प्रत्येक कनेक्शनला फेरीत एक, शेवटी इंदिराबाई. दर शंभरावं पॅकेट पाहणाऱ्याला जन्मभर त्याच दिसल्या असत्या.

"मग मधलं कुठलंही पाहू," मी म्हणालो. "आकडे कॉम्प्युटर काढेल."

"तो तुझ्या बाजूचा आहे," नवलभाऊ म्हणाले.

शेवटी नवलभाऊंच्या बायकोने, ज्योत्स्नावहिनींनी, हाऊजीच्या आकड्यांची पिशवी आणली. नवलभाऊंच्या घरात त्या पिशवीवर सगळ्यांचा विश्वास. तासाभराची पॅकेटं साठवून घेतली होती. निघेल तो आकडा तितकी सोडायची, पुढचं पाहायचं. वहिनी आकडे पुकारत होत्या. मध्येच शेजारच्या भिकुबाईंनी पहिली ओळ झाल्याचं सांगितलं. त्यांच्याकडे तिकीट नव्हतं.

निम्मी पॅकेटं आमच्याच ऑफिसची निघाली, इंदिराबाईंचं शंभरात एखादं. पाळीतली उरलेली सगळी जागा ऑफिसला होती, आणि तिथल्या टीव्हीवर नवलभाऊंनी स्पीड टेस्ट अखंड लावलेली. स्पीड का बसते ते कळावं म्हणून.

"भाऊ, ही बंद करू."

"बंद केली तर स्पीड बसली हे कळणार कसं?"

बुधवारी इंदिराबाईंकडून केळ्यांची पिवळीधमक फणी आली. आम्ही टेस्ट बघत ती खाल्ली, आणि मी अर्ज लिहायला घेतला.

प्रति, मा. नवलभाऊ. विषय: स्पीड तपासणे थांबवणेबाबत. महोदय, आपण स्पीड तपासणे थांबवल्यास ती तपासण्याची गरज उरणार नाही. तरी सदर टीव्हीवर यापुढे इंदिराबाईंची केळी दाखवण्यास मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.