चाकामागचा रंग

“पोरीच्या हातात जोरच नाई, तं चाक टिकन कसं?” सोमाजी भर रस्त्यात ओरडून सांगत होता. ऐकायला भाताच्या रोवणीला निघालेल्या पंधरा बाया होत्या, आणि ज्या पोरीबद्दल हे चाललं होतं ती हर्षा त्याच्याच ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापाशी उकिडवी बसली होती.

झालं होतं असं. चिखलणी आटोपली म्हणून लोखंडी चाकं उतरवून टायर चढवायला सोमाजीनं आदल्या दिवशी हर्षाला बोलावलं. ती गडचिरोलीला आयटीआय शिकलेली, चामोर्शीच्या रस्त्यावर तिचं गॅरेज. टायर चढले, बाया ट्रॉलीत बसल्या आणि बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, वळणावर चाक असं डगमगलं की हिसका बसून रंभाबाई खाली आपटली. मनगट मोडलं. ट्रॅक्टर तिथंच उभा राहिला. ऐन रोवणीत हात गेला म्हणजे त्या बाईचं काय व्हायचं, याचं सोमाजीला काही नव्हतं. पोरीनं नट सैल ठेवले, एवढंच त्यानं संध्याकाळपर्यंत गावभर केलं. आता हर्षानं हात लावलेल्या ट्रॅक्टरवर बसायला एकही बाई तयार नव्हती. बाया बसणार नाहीत, तर तिच्या गॅरेजकडे ट्रॅक्टरवाला कशाला फिरकेल?

हर्षाच्या डोक्यात नुसती आग होती. आठही नट तिनं मापाच्या पान्ह्यानं आवळले होते. ठरलेल्या जोराला पोचला की तो पान्हा ‘टक्’ करतो, तिथं थांबायचं. आठ वेळा टक् झालेलं तिनं ऐकलं होतं. मग तीन नट गळून पडले आणि पाच सैल झाले, ते कसे?

तिनं चाक उतरवलं, मागची बाजू पाहिली आणि पेचकसानं खरवडायला लागली. निळ्या रंगाचे जाड पापुद्रे निघाले.

“भाऊ, हा रंग कोनं मारला?”

“मीनं. पोळ्याले ट्रॅक्टर नवा दिसाले नाई पायजे? चाकं काढूनच ठेवले होते, तं दोन-दोन हात मारून टाकले.”

“आतून बी?”

“आतून काऊन नाई? रंग उरला होता.”

“अजी, ही जागा आतल्या लोखंडाले चिपकून बसते! मधात रंगाचा थर राह्यला. चाक फिरलं, रंग दबला, नट झाले सैल. आन् घंटाभर रिकामा चालवून थांबा, परत आवळून देतो म्हनलं होतं. थांबले?”

“बाया खोळंबल्या होत्या. मले शिकवू नको. हा पाईप घे, पान्ह्याच्या दांड्यात घाल आन् लटक त्याच्यावर. माहा बाप असेच नट कसे.”

“लटकलं तं बोल्टच तुटन!” हर्षानं त्याच्या हातातला पाईप हिसकला आणि बोडीत भिरकावला.

खरं म्हणजे तिला जास्त राग स्वतःचाच आला होता. काल चाक चढवताना तो रंग तिला दिसला होता. खरवडायला अर्धा तास गेला असता; सोमाजी ‘चाल लवकर, चाल लवकर’ करत डोक्यावर उभा होता आणि तिनं जाऊ दे म्हटलं. आता गप्प राहिली असती तर कोणाला कळलंही नसतं. पण रंभाबाई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून समोर बसली होती.

“रंभाबाई, रंग काल मले दिसला होता. खरडाले पायजे होता, नाई खरडला. माहं बी चुकलं.”



हर्षानं दोन्ही चाकं आतून लख्ख होईपर्यंत खरवडली. नवे नट घातले, एक इकडचा मग एक समोरचा, असे टक् होईपर्यंत आवळले. रिकामा ट्रॅक्टर तासभर रस्त्यावरून फिरवून आणला आणि सगळ्यांदेखत परत पान्हा लावला. एकही नट रेषभर हलला नाही.

सोमाजीनं टायरवर थाप मारली. “पाह्यलं? आज मी उभा होतो, तवा बराबर नट कसले पोरीनं.”

रंभाबाई उठली. “काल बी तुमीच उभे होते, भाऊ. आता आंधी तुमी ट्रालीत बसा, मंग बाया बसतीन. ट्रॅक्टर हर्षा चालवन.”

“मी? ट्रालीत?”

पंधरा बायांतली एकही जागची हलली नाही. आभाळ भरून येत होतं आणि रोवायच्या रोपांचे परे बांधीत पडून होते. शेवटी सोमाजी लुंगी सावरत ट्रॉलीत चढला आणि दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून बसला.