मिठाची तीनशे टोपणं

मीठ म्हणजे काय, हे दहिवडीकडच्या माणसाला कुणी शिकवायला जाऊ नये. तिकडं कितीतरी घरांत मीठ आणि मिरची हेच कालवण. राजाराम असल्याच घरातला, आणि म्हणूनच तर सगळा घोटाळा झाला. ज्याला मिठाची ओळखच नाही असा कुणी त्या कामाला बसला असता, तर त्यानं निदान विचारलं तरी असतं. राजारामनं विचारलं नाही. मिठाचं काय विचारायचं, तुम्हीच सांगा!

राजाराम कुपवाडला भाऊसोंच्या शेडात लेथवर होता. शेड म्हणजे नव्या औद्योगिक वसाहतीतला पत्र्याचा सांगाडा. आत दोन लेथ, एक ड्रिल आणि चार माणसं. पंपाचे, इंजिनाचे सुटे भाग करायचे. पण राजारामच्या हाताला तोड नव्हती. "आमच्या राजारामला कानानं कळतंय, हत्यार कुठं घासतंय ते," असं भाऊसो चारचौघांत सांगायचे. भाऊसो तोंडाचे फाटके, पण मनाचे वाईट नव्हते.

सहा वर्षं राजाराम गावाकडच्या चौघांबरोबर एका खोलीत पथारी टाकत होता आणि बायको बनाबाई गावी. दोनदा तिला दिवस गेले, दोनदा पाणी वाहता वाहताच पोट रिकामं झालं. त्यात बहात्तरला पाऊस आलाच नाही. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची आणि येऊन पुन्हा दीड कोसावरच्या झऱ्यावरनं घागर आणायची. अशात तिला तिसऱ्यांदा दिवस गेले. पाचवा महिना लागल्याचं कळलं तसा राजारामला घास गोड लागेना. हेही गेलं तर बना वाचायची नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

आणि शेडाच्या मागं एक खोली रिकामी पडून होती! दहा बाय दहाची, वर पत्रा, राखणदारासाठी बांधलेली. तिच्या दाराशीच नळ. सकाळ-संध्याकाळ पाणी. राजाराम येता-जाता त्या नळाकडं देवाकडं बघावं तसा बघायचा. शेवटी एक दिवस धीर करून त्यानं विषय काढला.

"दिली की तुला," भाऊसो म्हणाले. "पर ही म्हाबळेश्वरची आर्डर तेवढी पार पाड. ती पसंत पडली की तिथल्या चार हाटेलांची कामं येत्यात. मग तू मला हितंच लागणार हायस. आण बायकूला पाडव्याला."

ती ऑर्डर होती मिठाच्या आणि मिरपुडीच्या डब्यांची. महाबळेश्वरच्या एका बड्या हॉटेलला उन्हाळ्याच्या सीझनसाठी तीनशे जोड्या हव्या होत्या. पितळी नळीची डबी, वर आट्यांचं टोपण, टोपणाला भोकं आणि सगळ्यावर निकलचा मुलामा. टेबलावर मांडायची, पाहुण्यानं उचलून ताटावर उलटी धरायची आणि झटकायची. मीठ वाढायला माणूस नको, चिमूट नको, बोट खारट व्हायला नको. राजारामला त्याचं नवल वाटलं. पण हात कामाला लागला तसं त्याला ते आवडायलाही लागलं. डबी मुठीत बसावी म्हणून कमरेला बारीकशी खाच द्यायची, हे त्यानं आपल्याच डोक्यानं काढलं होतं.

नमुना म्हणून हॉटेलनं जुनी विलायती जोडी पाठवली होती. त्यातलं मिरपुडीचं टोपण धड होतं, सात बारीक भोकांचं. मिठाचं टोपण मात्र मिठानंच खाल्लेलं. गंजून सगळ्या भोकांचं मिळून एकच भगदाड झालं होतं.

"ह्येची भोकं केवढी पाडू, भाऊसो?"

"मीठ सुटलं म्हंजे झालं. घालून बघ, सुटंल तशी पाड. कारागीर तू का मी?"

राजारामनं खोलीवरनं डब्यातलं मीठ आणलं. सगळी आणतात तेच, करड्या रंगाचं खडेमीठ. एक सुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्श्याच्या ड्रिलनं पाच भोकं पाडली, मीठ भरलं, डबी उलटी केली. काही पडेना. झटकली तर एक कणी बाहेर आली आणि मागचे खडे भोकात बसले. दीड सुताचं ड्रिल लावलं, तीच गत. मग त्यानं दोन सुताचं लावलं. आता दोन झटक्यांत सात-आठ खडे कागदावर पडले. कागद त्यानं आधीच अंथरला होता. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, असं आई सांगायची. एकेक खडा त्यानं उचलून परत डब्यात टाकला.

भाऊसोंनी टोपण डोळ्यांसमोर धरलं. "लय मोठी न्हाईत व्हय रं?"

"झटकून बघा की."

भाऊसोंनी तळहातावर डबी झटकली, एक खडा जिभेवर टाकला आणि म्हणाले, "सुटतंय की लेका! पाड तीनशे."

आता भाऊसो सांगलीचे असले तरी त्यांच्याही घरात बरणीत खडेमीठच होतं. त्यांना तरी त्यात वावगं काय दिसणार?

तीनशे टोपणं झाली, मुलामा चढला. पंधराशे भोकांतल्या एकाचीही कड हाताला लागत नव्हती. राजारामनं गावी कार्ड टाकलं, 'पाडव्याला न्यायला येतो. दारात नळ हाय. जड सामान बांधू नको.' त्या आठवड्यात तो लेथवर शीळ घालत होता. सहा वर्षांत त्याची शीळ कुणी ऐकली नव्हती.

पाडव्याच्या चार दिवस आधी भाड्याच्या टेंपोत खोकी घालून दोघं निघाले. वाईच्या पुढं घाट चढताना भाऊसो म्हणाले, "मॅनेजर जेवायला घालणार हाय मला. तू मागनं मुदपाकखान्यात खा."

तिथं सिद्धू नावाचा एक वाढपी होता. खाकी चड्डीवर पांढरा कोट घातलेला, खटावकडचा. राजारामनं गाव सांगितलं तसा तो गड्या-गड्या करायला लागला. जेवणघरातल्या पहिल्या टेबलासाठी त्यानं नव्या डब्या उघडल्या आणि फळीवरनं एक पुडा काढून त्यात ओतायला लागला. पांढरंशुभ्र, मैद्यागत.

"पिठीसाखर हाय व्हय ही?" राजारामनं विचारलं.

सिद्धू हसला. "कुठनं आलायस गड्या? मीठ हाय ह्ये. टेबलाचं मीठ."

राजारामनं चिमटीत घेतलं. बोटांतनं निसटून गेलं. जिभेवर ठेवलं तर खरंच मीठ. दोन सूत! पाच भोकं! त्यातनं ज्वारी गळली असती, आणि हे तर पीठ.

"थांब, ती न्हेऊ नगं," तो म्हणाला. पण सिद्धूनं तबक उचललंही होतं. राजाराम मागनं धावला आणि जेवणघराच्या उंबऱ्याशी अडखळला. आत गालिचा, पांढऱ्या चादरी, पहिल्या टेबलाशी भाऊसो आणि मॅनेजर, खिडकीशी एक गोरं जोडपं. ह्याचे पाय अनवाणी, काळ्या तेलानं माखलेले. तिथं त्यानं कच खाल्ली. पुढं कितीतरी दिवस तो स्वतःला हेच विचारत होता, की तेवढी दहा पावलं का नाही टाकली रे भाड्या?

"भाऊसो," त्यानं दारातनंच हाक मारली, "आवं भाऊसो, जरा हिकडं—"

भाऊसोंनी डोळे वटारले आणि हातानंच 'जा' म्हटलं. मॅनेजरनं हसत डबी उचलली, मुठीत तोलली, कमरेच्या खाचेवरनं अंगठा फिरवला. "वा! काम सुंदर आहे हो," असं म्हणाला आणि सुपाच्या वाटीवर उलटी केली.

झटकायची वेळच आली नाही. मीठ बदाबदा आलं. वाटीत ढीग पडला, चादरीवर पडलं, मॅनेजरच्या बाहीवर पडलं. गोऱ्या बाईनं मान वळवून बघितलं. राजाराम तेव्हा मात्र आत धावला, आणि धावून केलं काय? तर गुडघ्यावर बसून गालिच्यावरचं मीठ चिमटीनं वेचायला लागला!

मॅनेजर ओरडला असता तरी परवडलं असतं. तो रुमालानं बाही झटकत हळूच म्हणाला, "भाऊसो, आमच्या पाहुण्यांना एवढं मीठ लागत नाही."

"टोपणं बदलून देतो की! आठ दिस द्या," भाऊसो म्हणाले.

"शनिवारी पाहुणे उतरतायत. मुंबईहून प्लास्टिकच्या मागवतो मी आता. तुम्ही जेवून घ्या."

भाऊसो जेवले नाहीत. टेंपो सातारच्या पुढं आल्यावर एकदम फुटले. "सहा वरसं काम करतोयस, आन् तुला मीठ कळंना? मीठ!" थोड्या वेळानं आपणच म्हणाले, "मला तरी कुठं कळलं? दोघं बी गाढव." राजारामला शिव्यांपेक्षा हेच जास्त लागलं.

कुपवाडला आल्यावर खोकी ठेवायची कुठं, हा प्रश्न आला. शेडात पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊसोंनी मागच्या खोलीची किल्ली काढली आणि त्याच्याकडं न बघता पुढं केली.

"आवं, पाडव्याला मी बनीला..."

"ठावं हाय मला. पर ही धोंड ठेवू कुठं, माझ्या डोसक्यावर? हाटेलांची कामं गेली, आता दोन माणसं कमी करायची पाळी आलीया. तुला काढत न्हाई, तेवढं पुरं समज."

खोकी राजारामनंच रचली. जमिनीपासनं पत्र्यापर्यंत भरून गेली. जिथं चूल मांडायची म्हणून त्यानं मनात जागा धरली होती, तिथं शेवटचं खोकं बसलं. कुलूप लावलं. नळाला पाणी आलं होतं, ते चालूच होतं. त्यानं नळ बंद केला. दुसरीकडं भाड्यानं खोली घेण्याएवढा त्याचा पगार नव्हता; तो हिशेब त्यानं सहा वर्षांत हजारदा करून बघितलेला.

पाडव्याला तो गावी गेला. न जाऊन करणार काय, सांगून बसला होता ना! पिशवीत डब्यांची एक जोडी होती. भाऊसोंनीच "घे, तुझ्या हाताची हाय," म्हणून दिलेली.

बनाबाई दारातच बसली होती. अंगावर धुतलेलं लुगडं, शेजारी एकच बोचकं. पोट दिसायला लागलं होतं. खडी फोडून तळहातांची सालं निघालेली, पण तोंडावर हसू मावत नव्हतं.

"जड काय बी न्हाई बघा," ती म्हणाली. "शेळी आईकडं धाडली. दोन्ही घागरी रंगूबाईस्नी दिऊन टाकल्या. म्हनलं, आमच्या दारात नळ हाय आता, घागरी काय करायच्या?" रंगूबाई म्हणजे तिची थोरली जाऊ, शेजारच्याच खणात राहणारी. "लय जळल्या वो त्या! चला, भाकर खाऊन घ्या, मग निघू."

बोलायचं टाळायला राजारामनं पिशवीतली डबी काढली. गाडग्यातलं मीठ तिच्यात भरलं आणि बनाबाईपुढं धरली.

"हातात नगा दिऊ मीठ, भांडान हुतंय. खाली ठेवा."

त्यानं खाली ठेवली. तिनं ती उचलली, उलटसुलट करून बघितली आणि भाकरीवर झटकली. सहा-सात खडे पडले. भाकरीला पुरतील एवढेच, ना कमी ना जास्त.

"अगं बया! लय ब्येस पडतंय की!" ती खुळ्यागत हसली. पुन्हा झटकली. "तुमी केलं? खाच बी कशी अंगठ्याला बसतीया! सायबास्नी लय आवडलं आसंल?"

राजारामला रडू फुटलं. गुडघ्यांत डोकं घालून तो हुंदके द्यायला लागला. आणि तसंच, डोकं वर न काढता, त्यानं सगळं सांगितलं: मैद्यासारखं मीठ, गालिचा, खोकी, कुलूप.

बनाबाई ऐकत राहिली. मध्ये एकदाच म्हणाली, "आसलं बी मीठ आसतंय व्हय?" भाकरीवरनं चुकून जमिनीवर पडलेले दोन खडे तिनं वेचून गाडग्यात टाकले. मग एक हात जमिनीला टेकून, दुसरा कमरेवर धरून उठली. बोचकं आत नेऊन ठेवलं.

"रंगूबाई आता काय काय ऐकिवत्याल," ती पदर खोचत म्हणाली. "तुमी खावा. एक घागर तेवढी मागून आणते. ऊन चढलं की झऱ्यावर निसता गाळच हाताला लागतोय."